डेम्लो ते डिजिटल सातबारा : महाकाय संयुक्त संख्यांचे गणित

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील मोडनिंब हे पुणे-सोलापूर महामार्गावरचे गाव. येथील शेतकऱ्याला पीककर्जासाठी सातबारा उतारा हवा असेल, तर पूर्वी तलाठ्याची स्वाक्षरी आणि शिक्का यांवाचून त्याचे काम होत नसे. महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा ऑनलाइन मिळू लागला. आता तलाठी समोर नसतो, शाईची स्वाक्षरीही नसते. तरीही जमीन कोणाच्या नावावर आहे, हे सांगणारा तो दस्तऐवज बँक मान्य करते. हा विश्वास कायद्याने दिलेला आहेच. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याने डिजिटल स्वाक्षरीला मान्यता दिली. परंतु कायद्याच्याही मुळाशी गणितातील एक वस्तुस्थिती उभी आहे. ती अशी, की सहाशे सतरा अंकी एखादी संयुक्त संख्या समोर ठेवली, तर तिचे अवयव पाडणे आज जगात कोणालाही शक्य नाही.

ज्या संख्येला १ आणि ती स्वतः यांखेरीज अन्य विभाजक नसतो, ती मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११ ही तिची उदाहरणे. १ पेक्षा मोठ्या उरलेल्या सर्व संख्या संयुक्त असतात. प्रत्येक संयुक्त संख्या मूळ संख्यांच्या गुणाकाराच्या रूपात एकाच प्रकारे मांडता येते. ६० म्हणजे २ × २ × ३ × ५. दुसरी कोणतीही मांडणी संभवत नाही. शाळेत शिकलेला हा नियम साधा वाटतो. पण संख्या जसजशी वाढत जाते, तसतसे त्यातून तीन निरनिराळे प्रश्न उभे राहतात. ही संख्या संयुक्त आहे हे कळेल काय? तिचे अवयव सापडतील काय? आणि ते सापडायला किती वेळ लागेल? या तीन प्रश्नांची उत्तरे एकमेकांपासून आश्चर्य वाटावे इतकी वेगळी आहेत.

रेल्वे स्थानकावर सुचलेल्या संख्या

मोठ्या संयुक्त संख्यांच्या जगात महाराष्ट्राचे नाव कायमचे कोरले गेले ते एका शाळामास्तरांमुळे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ मध्ये त्यांना गणितातील रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९३० ते १९६२ या काळात ते नाशिकजवळच्या देवळाली येथे शाळेत शिकवीत होते. ६१७४ हा 'कापरेकर स्थिरांक' आज जगभर ओळखला जातो. त्यांच्या 'डेम्लो संख्या' मात्र तुलनेने कमी परिचित आहेत.

या नावाची कथा मोठी गमतीची आहे. जीआयपी रेल्वेवर मुंबईपासून तीस मैलांवर असलेल्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्थानकावर कापरेकरांना या संख्यांची कल्पना सुचली आणि त्यांनी स्थानकाचेच नाव त्यांना देऊन टाकले. १६५, २५५३, ४७७७३ या डेम्लो संख्या होत. पहिला आणि शेवटचा भाग यांची बेरीज केली, की मधे पुन्हा पुन्हा येणारा अंक मिळतो. २५५३ मध्ये २ आणि ३ यांची बेरीज ५, आणि मधे ५५. ४७७७३ मध्ये ४ आणि ३ यांची बेरीज ७, आणि मधे ७७७.

हा केवळ अंकांचा खेळ नाही. १६५ म्हणजे १५ × ११, २५५३ म्हणजे २३ × १११ आणि ४७७७३ म्हणजे ४३ × ११११. २३ ला ११११ ने गुणताना २३ हीच संख्या एकेक घर सरकवून चारदा मांडली जाते. त्यामुळे टोकांना २ आणि ३ एकटे राहतात, तर मधल्या प्रत्येक घरात त्यांची बेरीज होऊन २५५५३ तयार होते. म्हणजेच या घाटाची संख्या दहा लाख अंकांची असली, तरी तिच्याकडे पाहताक्षणी ती संयुक्त आहे असे सांगता येते. नुसते सांगताच येते असे नव्हे, तर तिचे दोन अवयवही लिहून देता येतात. संख्या प्रचंड असली म्हणजे तिचे अवयव दुर्बोध असतात, हा समज येथे खोटा ठरतो. संख्येची घडण माहीत असेल, तर आकार आड येत नाही.

केवळ १ चे अंक

डेम्लो संख्यांच्या पोटात ११, १११, ११११ अशा केवळ १ या अंकाने लिहिलेल्या संख्या दडलेल्या आहेत. गणितात त्यांना 'रेप्युनिट' म्हणतात. त्यांचे वर्ग केले, की १२१, १२३२१, १२३४३२१ अशी देखणी माळ मिळते आणि नऊ एकांच्या वर्गाला १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या येते. कापरेकरांनी या वर्गांनाही 'अद्भुत डेम्लो संख्या' म्हटले होते.

रेप्युनिटमध्ये १ किती वेळा आला आहे, ती गणती संयुक्त असेल, तर रेप्युनिटही संयुक्तच असते. सहा वेळा १ लिहिला तर १११ × १००१ अशी फोड लगेच दिसते. गणती मूळ संख्या असेल, तेव्हा मात्र खात्री देता येत नाही. पाच एकांची संख्या ४१ × २७१ निघते, सात एकांची २३९ × ४६४९, अकरा एकांची २१६४९ × ५१३२३९. सतरा एकांच्या संख्येचे अवयव आहेत २०७१७२३ आणि ५३६३२२२३५७. वरून इतकी एकसुरी दिसणारी संख्या आतून किती बेबंद असू शकते, याचा हा नमुना. आणि त्यानंतर एकोणीस व तेवीस एकांच्या संख्या मात्र मूळ निघतात. पुढची मूळ रेप्युनिट थेट ३१७ अंकी आहे, त्यापुढची १०३१ अंकी. ४९०८१ अंकी रेप्युनिट मूळ असल्याचे २०२२ साली सिद्ध झाले. या दोन मूळ संख्यांच्या मधल्या हजारो रेप्युनिट संयुक्त आहेत. त्यांपैकी अनेकांचे पूर्ण अवयव आजही कोणाला ठाऊक नाहीत.

अवयव ठाऊक नाहीत, तरीही संयुक्त

येथे वाचकाच्या मनात साहजिकच शंका येते. अवयव सापडले नाहीत, तर ती संख्या संयुक्त आहे हे कशावरून? याचे उत्तर सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती फर्मा यांनी दिले आहे. कोणतीही मूळ संख्या घ्या. २ चा तितकाच घात करून त्यातून २ वजा केले, तर उरलेल्या संख्येला त्या मूळ संख्येने नि:शेष भाग जातो. ७ साठी हा हिशेब १२८ वजा २ म्हणजे १२६ होतो, आणि १२६ म्हणजे ७ × १८. आता ९ घेऊ. ५१२ वजा २ म्हणजे ५१०. त्याला ९ ने भागले, तर ६ बाकी उरते. म्हणजे ९ ही मूळ संख्या नाही. ती ३ × ३ आहे, हे न पाहताच आपण हा निष्कर्ष काढला. ज्वर आहे हे तापमापकाने कळावे, पण कारण कळू नये, तसाच हा प्रकार.

ही कसोटी निर्दोष नाही. ३४१ ही संख्या ११ × ३१ असूनही ती या परीक्षेत उत्तीर्ण होते. म्हणून गणितज्ञांनी पुढे तिच्या अधिक कडक आवृत्त्या तयार केल्या. ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी संख्या मूळ की संयुक्त, हे कोणत्याही योगायोगावर अवलंबून न राहता तुलनेने थोड्या वेळात ठरवणारी पद्धत सिद्ध करून जगाला चकित केले. परंतु तीही संयुक्त संख्येचे अवयव सांगत नाही.

याचे टोकाचे उदाहरण फर्मा यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांत सापडते. २ चा १,६७,७७,२१६ वा घात अधिक १, ही संख्या ५०,५०,४४६ अंकांची आहे. ती संयुक्त असल्याचे १९९९ साली संगणकाच्या साह्याने सिद्ध झाले. तिचा एकही मूळ अवयव अद्याप कोणाच्या हाती लागलेला नाही. ही संख्या फुटते एवढे नक्की. कोठे फुटते, ते अज्ञात.

तीन वर्षांचे रविवार

संयुक्त असल्याचे कळणे आणि अवयव सापडणे यांतील अंतर किती असू शकते, याचा एक प्रसंग गणिताच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. फ्रेंच धर्मगुरू मर्सेन यांनी १६४४ साली २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या मूळ असल्याचे सांगितले होते. १८७६ मध्ये लुका यांनी ती संयुक्त असल्याचे दाखवले, पण अवयव त्यांनाही देता आले नाहीत. ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्क येथे अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेले. सांगतात, की त्यांनी एक शब्दही न बोलता एका बाजूला १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही संख्या मिळवली, दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार केला. दोन्ही उत्तरे एकच आली आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. हे अवयव शोधायला किती काळ लागला, या प्रश्नाला त्यांचे उत्तर होते, तीन वर्षांचे रविवार.

या प्रसंगात सारे मर्म आले. गुणाकार तपासायला काही मिनिटे, अवयव शोधायला तीन वर्षे. एका दिशेने सहज जाता येते, उलट दिशेने येता येत नाही. अशा एकेरी वाटेचा उपयोग कुलपासाठी करता येईल, हे सुचायला मात्र आणखी पाऊण शतक जावे लागले.

कुलूप आणि किल्ली

'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या सदरातून मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये कापरेकरांची जगाला ओळख करून दिली. त्याच सदरात ऑगस्ट १९७७ मध्ये त्यांनी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी शोधलेली नवी गुप्तलेखन पद्धत मांडली. तिघांच्या आद्याक्षरांवरून तिला 'आरएसए' हे नाव पडले. भारतात डिजिटल स्वाक्षरीसाठी मान्य असलेल्या पद्धतींत ती प्रमुख आहे.

तिचे तत्त्व लहान संख्यांनी समजते. ३ आणि ११ या दोन मूळ संख्या घेऊन त्यांचा गुणाकार ३३ जाहीर करायचा. सोबत ३ हा घातांकही जाहीर करायचा. प्रत्येक मूळ संख्येतून १ वजा करून गुणाकार केला, तर २ × १० म्हणजे २० येतात. आता ज्या संख्येला ३ ने गुणले असता २० ने भागून १ बाकी उरते, अशी संख्या शोधायची. ती ७; कारण ३ × ७ म्हणजे २१. हा ७ स्वाक्षरी करणाऱ्याने स्वतःजवळ गुप्त ठेवायचा.

समजा, सातबाऱ्यातील मजकुराचे ठरावीक रीतीने संख्येत रूपांतर केले आणि ४ ही संख्या आली. अधिकाऱ्याची यंत्रणा ४ चा ७ वा घात करते, तो १६३८४. त्याला ३३ ने भागल्यावर १६ बाकी उरते. १६ ही झाली स्वाक्षरी. बँकेला ७ ठाऊक नाही, पण ३ ठाऊक आहे. ती १६ चा घन करते, तो ४०९६. त्याला ३३ ने भागल्यावर बाकी ४. मजकुराची संख्याही ४. स्वाक्षरी खरी. कोणी उताऱ्यातील नाव किंवा क्षेत्रफळ बदलले, तर मजकुराची संख्या बदलेल आणि मेळ बसणार नाही. ही तपासणी मूळ संगणकीय दस्तऐवजावर होते. कागदावर छापलेली स्वाक्षरीची खूण ही केवळ तिची निशाणी असते.

खोटी स्वाक्षरी करायची, तर ७ हवा. ७ मिळवायचा, तर २० हवेत. आणि २० मिळवायचे, तर ३३ चे अवयव हवेत. येथे ते तोंडी सांगता येतात. प्रत्यक्षात ३३ च्या जागी ६१७ अंकी संख्या असते आणि तिचे दोन्ही अवयव सुमारे ३०८-३०९ अंकी असतात. सेकंदाला एक लाख कोटी भागाकार करणारा संगणक विश्वाच्या आजवरच्या आयुष्याइतका, म्हणजे सुमारे १,३८० कोटी वर्षे, चालवला, तरी तो जेमतेम तीस अंकी भाजकांपर्यंत पोहोचेल. मूळ संख्यांचा तुटवडाही पडत नाही. एवढ्या मोठ्या संख्यांतही सरासरी सातशे संख्यांमागे एक मूळ असते.

कुलपे फुटतात ती कशी

अर्थात, एकेका संख्येने भागून पाहणे हाच काही एकमेव मार्ग नाही. ४८१९ ही संख्या घ्या. तिच्या लगत वर असलेला वर्ग ७० चा, म्हणजे ४९००. फरक ८१, आणि ८१ हाही ९ चा वर्ग. म्हणून ४८१९ म्हणजे (७० − ९) × (७० + ९), अर्थात ६१ × ७९. दोन वर्गांतील फरकाची ही युक्ती फर्मा यांची. दोन्ही अवयव एकमेकांच्या फार जवळ असतील, तर महाकाय संख्याही या युक्तीने क्षणात फुटते. आजच्या प्रगत पद्धती याच कल्पनेच्या विस्तारातून जन्मल्या आहेत.

गार्डनर यांनी १९७७ मध्ये छापलेली १२९ अंकी संख्या फोडायला कोट्यवधी वर्षे लागतील असा तेव्हाचा अंदाज होता. एप्रिल १९९४ मध्ये सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी इंटरनेटद्वारे आपले संगणक एकत्र जोडून तिचे ६४ आणि ६५ अंकी अवयव शोधून काढले. फेब्रुवारी २०२० मध्ये २५० अंकी संख्या फोडण्यात आली. त्यासाठी संगणकाच्या एका गाभ्याने सुमारे २,७०० वर्षे करावे इतके काम लागले. ६१७ अंकांचा गड अद्याप अभेद्य आहे.

मात्र गड मजबूत असून किल्लेदार गाफील असला, तर काय होते, हे २०१२ मध्ये दिसले. संशोधकांच्या दोन गटांनी इंटरनेटवरील लाखो जाहीर संख्या तपासल्या, तेव्हा त्यांतील काही संख्यांत एक मूळ अवयव सामाईक असल्याचे आढळले. यंत्रांनी यादृच्छिक संख्या निवडताना हयगय केली होती. अशा वेळी अवयव पाडण्याची गरजच उरत नाही. पाचवी-सहावीत शिकवला जाणारा मसावि पुरेसा होतो. ११४७ आणि १२७१ यांचे अवयव चटकन सुचत नाहीत. पण १२७१ मधून ११४७ वजा केले, तर १२४ राहतात. ११४७ ला १२४ ने भागले, तर ३१ उरतात. आणि १२४ ला ३१ ने नि:शेष भाग जातो. मसावि ३१ मिळाला आणि दोन्ही कुलपे एकदम उघडली: ३१ × ३७ आणि ३१ × ४१. हजारो अंकी संख्यांवरही हा हिशेब संगणक क्षणार्धात करतो.

सिद्ध न झालेला विश्वास

खरा धोका दूरचा असला, तरी तो आजच विचारात घ्यावा लागत आहे. १९९४ मध्ये पीटर शोर यांनी दाखवून दिले, की पुरेसा मोठा क्वांटम संगणक उभा राहिला, तर महाकाय संख्यांचे अवयव झपाट्याने पाडता येतील. २००१ मध्ये अशा पद्धतीने १५ चे ३ × ५ असे अवयव पाडून दाखवण्यात आले. १५ आणि ६१७ अंकी संख्या यांत अफाट अंतर आहे. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने अवयवांच्या काठिण्यावर न विसंबणाऱ्या नव्या गुप्तलेखन पद्धतींची पहिली मानके जाहीर केली. भारत सरकारनेही एप्रिल २०२३ मध्ये ६,००३ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. जमिनीची नोंद दोन-चार वर्षांसाठी नसते, पिढ्यान्‌पिढ्यांसाठी असते. म्हणून आजची स्वाक्षरी तीस वर्षांनी कोणी बनावट करू शकेल काय, हा प्रश्न मोडनिंबच्या शेतकऱ्यासाठी निव्वळ पुस्तकी राहत नाही. जुन्या नोंदींवर नव्या पद्धतीची स्वाक्षरी वेळेत चढवणे, हे आता शासकीय यंत्रणांपुढचे काम आहे.

या साऱ्यात सर्वांत विलक्षण गोष्ट शेवटी उरते. मोठ्या संयुक्त संख्येचे अवयव साध्या संगणकावर झटपट पाडणारी रीत अस्तित्वात नाही, असे आजवर कोणीही सिद्ध केलेले नाही. ती कोणाला सापडलेली नाही, एवढेच. बँका, न्यायालये आणि महसूल खाते ज्या आधारावर निर्धास्त आहेत, तो आधार म्हणजे शतकानुशतके थोर गणितज्ञांना आलेले अपयश. कापरेकरांसारख्या हौशी गणितज्ञाचे संख्यांशी खेळणे त्यांच्या काळी अनेक विद्वानांना निव्वळ करमणूक वाटत असे. परंतु संख्येची घडण ओळखता आली, की दहा लाख अंकी संख्याही क्षणात फुटते, हे त्यांच्या डेम्लो संख्यांनीच दाखवले आहे. डिजिटल स्वाक्षरीतील संख्यांत अशी एखादी घडण दडलेली नसावी, यावरच आज सातबाऱ्याची भिस्त आहे.